चपलेचा ब्रेक

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर सगळं सुरत घासूनपुसून निघालं. राहिला तो आमच्या भेस्तानच्या चाळीतला एकच ओटा, दगा मिस्त्रींचा. झाडूवाली बाईसुद्धा तिथून पदर नाकाला लावून जायची. भुसा, तंबाखूच्या पिचकाऱ्या, आणि त्या घाणीत मधोमध काय, तर देवाचे देव्हारे! सागाचे, कळसवाले.

दगाभाऊ आधी कापडाच्या लूमवर होते. मग भंगारबाजारातून गोल पात्याचं विदेशी कटर मशीन आणलं आणि एकदम मिस्त्री झाले. त्या मशीनची खुबी अशी, की बटण सोडलं की पातं चटकन थांबतं. आत विजेचाच ब्रेक असतो. आधी थांबायचंही. पुढे मात्र बटण सोडलं तरी गरगरतच राहायचं. माझ्या कुकरची शिट्टी होऊन जायची, तरी हे फिरतंच.

बरं, तोवर थांबावं ना माणसाने! छे. दगाभाऊ पायातली रबरी चप्पल काढायचे आणि फिरत्या पात्याच्या अंगाला दाबायचे. घर्रर्र! जळक्या रबराचा वास थेट माझ्या वरणात. आणि चप्पल कुठली? सकाळी संडासाच्या रांगेत उभी असते तीच.

"दगाभाऊ," मी म्हटलं, "गिऱ्हाईक देव्हारा घरी नेऊन आधी गोमूत्र का शिंपडतं, ते आता कळलं."

"वहिनी, तुम्ही नाक बंद ठेवा. माझा ब्रेक चालू आहे."

एका सकाळी पात्याने चप्पल हिसकावली. ती माझ्या वाळत घातलेल्या पापडांवर येऊन पडली, आणि मागून दगाभाऊंच्या अंगठ्याचं अर्धं नख. पापड मी फेकले. आणि दगाभाऊ अंगठा तोंडात धरून वर हसतात! शी!

त्यांची बायको धुरपदाबाई तशी गरीब गाय. पण त्या दिवशी तिने वायर उपटली आणि पिन पदरात गुंडाळून उंबऱ्यावर बसली.

"बोटे गयात ते भाकर कोन चारी तुमले?"

"काही व्हस नही."

"नख गयं ना! ब्रेक नीट करा, मंगच पिन."

मग काय, तपासणी सुरू. पात्याचा नट आवळला, बटणातला भुसा फुंकला. तो अर्धा माझ्या अंगावर. पिन मागून घेतली, चालवून पाहिलं, पातं गरगरतंच. पिन परत पदरात. पण पातं फिरताना मशीनच्या जाळीतून ठिणग्या उडालेल्या मी पाहिल्या होत्या.

"अहो, माझ्या मिक्सरचे कार्बन गेले तेव्हा असंच झालं होतं. कार्बन बघा."

मशीनच्या दोन्ही बाजूंच्या, कार्बनवरच्या टोप्या उघडल्या आणि आई गं! काळा, शेंदरी, चिकट लगदा. खवट तेलाचा भपकारा. त्यात झुरळाची तंगडी.

"हे काय घातलंत?"

"तेल. शनिवारी मारुतीला वाहतो, अंगावरून ओघळलेलं वाटीत आणून इथे घालतो. तेल पाजल्याशिवाय लूम कधी चाललंय का? आणि हा तर प्रसाद!"

शेंदरासकट प्रसाद! कार्बनला मुळी तेल चालत नाही. आणि ते तर झिजून नखाएवढेही उरले नव्हते, त्यावर हा चिखल. कार्बनमधून वीजच धड जाईना, तर ब्रेक लागणार कसा? उधन्याच्या बाजारातून तस्से नवे कार्बन आणवले, कोरड्या फडक्याने आतलं पुसलं. फडकं त्यांनी पुन्हा खांद्यावर टाकलं, ते सोडा.

पिन लावली. बटण सोडलं, तर पातं पुन्हा आळशासारखं फिरतंय.

"पाहा! तुमचं मिक्सरचं शास्त्र!" दगाभाऊंचा हात काढलेल्या चपलेकडे गेला. पण चपलेवर धुरपदाबाईचा पाय.

"नवे कार्बन बसायला वेळ लागतो," मी म्हटलं. "लाकूड न लावता चालवा जरा."

पाच-सहा वेळा रिकामं चालवलं. मग बटण सोडलं आणि खट्! पातं जागच्या जागी. दगाभाऊ मात्र सवयीने वाकलेलेच, एक पाय अनवाणी. चेहरा असा, जणू कुणी हातातलं ताट ओढलं.

धुरपदाबाईने त्यांना दुसरीही काढायला लावली, चिमट्याने दोन्ही चपला उचलल्या, उकिरड्यावर टाकल्या, आणि हुश्श करून चिमटा घेऊन घरात गेली. जरा वेळाने हसतमुखाने माझ्याकडे ताट घेऊन आली. गरम भाकर, त्याच चिमट्याने शेकलेली.

"आज माझा उपास आहे," मी म्हटलं.