कडवा आणि कडू

अक्कलकोटकडून लग्न होऊन मी ताडकळसला आले, तेव्हा माझी शाळा तिसरीतच सुटलेली होती. मराठीही अर्धीमुर्धीच, आमच्या घरी कानडी. सासरी तेलघाणा होता. करडीच्या ताज्या पेंडीचा वास आजही कुठून आला, तर हातातलं काम थांबतं.

ती लढाईची वर्षं. घासलेट समुद्रापलीकडून यायचं आणि बोटी अडलेल्या. गावाला अंधाराची सवय होती, पण परभणीजवळच्या फौजेच्या छावणीत कंदील कोरडे पडले. एके दिवशी तिथला घोडदळाचा दफेदार घोड्यावरून आमच्या दारी आला. माणूस उत्तरेकडचा, बोलायला गोड. ओट्यावर बसून ताक प्याला आणि सासऱ्यांना म्हणाला, "बाहर का तेल अब नहीं आता, चाचा. साहब बोले, यहीं का जलाओ. कडवा तेल निकाल दो."

"कडू तेल व्हय? देतो की," सासरे म्हणाले. "निंबोळ्याला काय तोटा हाय."

सासूबाईंना मी आत्या म्हणायची. त्यांना हे पटलं नाही. लाकडी घाणा एकदा कडू तेल प्याला की सहजी सोडत नाही. मागून करडी घातली तरी तेल कडवट उतरतं. "मग गावातलं कोन यील आपल्याकडं करडी घेऊन?" त्या म्हणाल्या.

"फौजेला रोजच उजेड लागतोय," सासरे म्हणाले आणि निंबोळ्या घाण्यात पडल्या.

आत्या म्हणाल्या तसंच झालं. गाव दुसऱ्या घाण्याकडं वळलं. आता छावणीनं तेल घेतलं तरच आमचं चालणार. हे नांदेडच्या गिरणीत कामाला जायचं बोलू लागले. "तू आईजवळ ऱ्हा," म्हणाले. मला धड बोलता येईना, माहेर लांब, आणि हे पण जाणार. तव्यावरची भाकरी करपून जायची. आत्यांनी ते पाहिलं असावं. त्या दिवसांत त्या मला विहिरीवरसुद्धा एकटी जाऊ देत नव्हत्या. त्यांची ती सोबत मी विसरले नाही.

डबे छावणीत गेले आणि आठवडाभरात दफेदार परत आला. या वेळी घोड्यावरून उतरला नाही. मग कळलं ते असं: त्याच्या मुलखात कडवा तेल म्हणजे मोहरीचं तेल. दिव्यात तेच, कढईतही तेच. छावणीचा भटारी त्याच्याच गावचा. कडवा तेल आलं म्हटल्यावर त्यानं हौसेनं पुऱ्या तळल्या होत्या.

"पूरी पलटन थूक रही है, चाचा. ये क्या दे दिया?"

"तुमीच कडवा म्हनलाव. मी काय कमी कडू दिलं का?"

"पोटं तरी साफ झाली आसतील पल्टनीची," दाराआडून आत्या म्हणाल्या. दफेदारानं मिशीवर हात ठेवला. पण हसू काही लपलं नाही.

"आन कंदिलात?" सासऱ्यांनी हळूच विचारलं.

"बत्ती में चढ़ता ही नहीं. गाढ़ा है." सासरे खाली बसले. हे बैलांपाशी उभे होते, तिथूनच त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, झालं.

मग दफेदार खाली उतरला. वाया जातंय म्हणून घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारांनी ते तेल मातीच्या परळात ओतून, जाड वाती लावून पागेत जाळलं होतं. त्या धुरानं डास पळाले, घोडे पाय आपटेनासे झाले. "साहब को धुआँ नहीं चाहिए, घोड़ों को चाहिए. पागे के लिए हर हफ़्ते भेजो."

"म्हंजी सायेब अंधारात आन घोडे उजेडात?"

"फौज है, चाचा," तो म्हणाला आणि ताक मागितलं.

तो गेल्यावर हे मला म्हणाले, "अंगणातली लाकडं हलीव, निंबोळ्या वाळायला जागा पायजे." नांदेडचं नावही नाही. मीही विचारलं नाही. न जाणो, विचारलं आणि त्यांना आठवलं तर. लाकडं उचलायला लागले.