बोरुड्यांचा आकाशकंदील

नवी वस्तू घरात आली की जुनी तत्काळ बाहेर काढायची, ही बोरुड्यांची खोडच होती. नवी चप्पल घेतली की जुनी दुकानातच सोडून येत. चहा उभ्याउभ्या पीत, तोही अर्धा. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत यांचं सुरू, "झालं न्हवं? मग पुढं चला!" नगरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत आम्ही दोघं शेजारीशेजारी बसायचो. म्हणजे मी बसायचो, ते येरझाऱ्या घालायचे.

बहात्तरच्या आसपासची गोष्ट. प्रयोगशाळेत कॉम्प्युटर आला होता आणि तो यावा म्हणून बोरुड्यांनी चपला झिजवल्या होत्या. कपाटाएवढं यंत्र. ते नव्यानं सुरू करायचं तर समोरची बटणं खालीवर करून पहिल्या सूचना द्यायच्या, मग भोकं पाडलेली लांबलचक कागदी पट्टी लावायची. पट्टीवरचा मुख्य प्रोग्रॅम मेमरीत उतरला की टेलिप्रिंटर खडखडायचा आणि बोरुड्यांच्या जिवात जीव यायचा.

दिवाळीच्या तोंडावर कंपनीकडून मुख्य प्रोग्रॅमची सुधारित पट्टी आली. ती लावली, यंत्र झकास चाललं. झालं! जुन्या पट्टीचं भेंडोळं बोरुड्यांच्या पिशवीत गेलं. "आकाशकंदिलाला झिरमिळ्या व्हत्याल," म्हणाले. मी म्हटलं, "राहू द्या की थोडे दिवस." तर म्हणे, "तुमी लई जपून ठेवता राव!" घरोघर साफसफाई चालली होती, त्याच झटक्यात त्यांनी सुट्टीआधी यंत्राची मेमरीही पुसून कोरी केली.

सुट्टी संपली. नवी पट्टी लावली, ती शेवटपर्यंत सरकली आणि यंत्र मुकं. समोरचे दिवे जिथल्या तिथे थिजलेले. नेमके त्याच दुपारी पुण्याचे वरिष्ठ येणार होते. यंत्र नगरला ठेवायचं की पुण्याला न्यायचं, हे ते चालतं कसं यावर ठरणार होतं. न्यायचं ठरलं तर यंत्र जाणार आणि बोरुडे इथेच राहणार. त्यांच्या कपाळावरचा घाम मला बघवेना.

बटणं पुन्हा लावली. पट्टी वाचणाऱ्या भागाची काच पुसली. चाचणीची एक छोटी पट्टी लावून पाहिली, ती बिनतक्रार चालली. म्हणजे वाचणारा भाग ठीक, यंत्र ठीक. बोरुडे खोलीभर फिरत होते, आणि अचानक दिव्यांसमोर उभे राहिले. कोणता दिवा लागलाय, कोणता विझलाय हे पुटपुटत यंत्र मेमरीत कुठे अडलंय ते त्यांनी शोधलं.

"इथं तर रिकामंच हाय," ते म्हणाले. मग खुर्चीत बसले. त्यांना बसलेलं पाहून मीच घाबरलो.

"अहो, ही नवी पट्टी म्हंजे नुसतं ठिगळ हाय. जुना प्रोग्रॅम मेमरीत शिल्लक हुता, त्याच्यावर हे बसलं म्हणून तवा चाललं. आपन त्याच्याखालचं कापडच फेकलं."

माझ्या स्कूटरवरून आम्ही सावेडीतलं त्यांचं घर गाठलं. वाटभर मागून माझ्या पाठीत बोट, "पुढं घ्या, पुढं घ्या!" घरासमोर आकाशकंदील मजेत हलत होता. त्याच्या हातभर लांब, पिवळ्या झिरमिळ्यांत आमचा मुख्य प्रोग्रॅम वाऱ्यावर फडफडत होता. कंदील उतरवला खरा, पण तुकड्यांचा क्रम कसा लावायचा? बोरुड्यांनी कपाळाला हात लावला.

वहिनी पीठ मळता मळता बाहेर आल्या. "अवो, तुमी कापून देत हुता आन् मी एकामागं एक गोल चिकटवीत हुते. त्यो लाल दोरा हाय न्हवं? तिथनं सुरू. वरलं टोक समद्यांचं वरच हाय."

मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. ओसरीवर बसून आम्ही दोऱ्यापासून एकेक झिरमिळी सोडवली. कडेला खळ लावून, भोकं न बुजवता, टोकाला टोक जोडलं. बोरुडे एकेक जोड उजेडात धरून दोनदा तपासत होते. प्रयोगशाळेत आधी ती जोडलेली जुनी पट्टी लावली, मग नवी. टेलिप्रिंटर खडखडला तेव्हा बाहेर पुण्याची जीप थांबत होती. बोरुडे खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होते.

यंत्र नगरलाच राहिलं. येरझाऱ्या काही सुटल्या नाहीत, पण काही टाकायची वेळ आली की बोरुडे थबकत. "थांबा जरा. याच्यावर काय उभं हाय ते बघा आधी." आम्ही यावरून त्यांची पुष्कळ टर उडवली.

निवृत्तीनंतर लवकरच ते गेले. जातानाही घाईच केली. दिवाळीत वहिनींना भेटायला गेलो, तर ओसरीवर त्यांची जुनी, अंगठा तुटलेली चप्पल तशीच. माझी नजर तिकडे गेलेली वहिनींनी पाहिली.

"मी टाकाया निघाले हुते, भावजी," त्या म्हणाल्या. "मग म्हनलं, थांबा जरा. याच्यावर काय उभं हाय ते बघावं आधी."

मी चपलेशेजारी ओसरीवर टेकलो.

"मीच हाय की," वहिनी म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.