ब्रेस्ट क्लिनिकमधला एकटा पुरुष

गाठ माझ्या हाताला लागली ती अंघोळ करताना. डाव्या निपलच्या मागे, वाटाण्याएवढी, कडक. दुखत नव्हती, म्हणून मी विसरूनही गेलो. बॅडमिंटन खेळताना कुणाचा तरी धक्का लागला असेल, असं स्वतःला सांगितलं. पुढे ते निपल आत ओढल्यासारखं दिसू लागलं, तेव्हाही वय झालं की असं होत असेल, असंच वाटलं.

मग एका शनिवारी बायको धुवायचे कपडे वेगळे करत होती. माझं बनियन हातात धरून ती किचनमध्ये आली.

"अहो, हा डाग कसला?"

"दाढी करताना कापलं असेल."

"छातीवर?"

तिने मला तिथेच शर्ट काढायला लावला, हाताने चाचपलं आणि सोमवारी सकाळी जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, लाइन उघडल्या उघडल्या फोन लावला.

जीपी एक तरुण मुलगी होती. तिने मला दोन्ही हात वर करायला सांगितले, छाती पाहिली, काखेतही बोटांनी दाबून पाहिलं. "पुरुषांनाही ब्रेस्ट टिश्यू असतो," ती म्हणाली. "बऱ्याच गाठी साध्या निघतात. पण गाठ, आत गेलेलं निपल आणि रक्त, हे तिन्ही असताना मी थांबणार नाही." तिने अर्जंट रेफरलची चिठ्ठी हॉस्पिटलला पाठवली.

हॉस्पिटलच्या ब्रेस्ट क्लिनिकमध्ये आम्ही दोघं बसलो होतो. बाकी सगळ्या बायका. कुणाबरोबर नवरे आले होते, ते फोनमध्ये तोंड घालून बसले होते. मीही तसाच कुणाचा तरी नवरा वाटत असणार. नर्सने बाहेर येऊन आमचं आडनाव पुकारलं, आधी 'मिसेस' लावून. बायको सवयीने उठली, मग तिच्या लक्षात आलं आणि ती माझ्याकडे पाहू लागली. मी उठलो. नर्स बिचारी वाटभर सॉरी म्हणत राहिली.

मॅमोग्राम करणाऱ्या बाईंना मशीनच्या दोन प्लेट्समध्ये धरायला माझ्याकडे काही सापडेना. चिमटीत कातडी ओढून त्यांनी कसंबसं जमवलं. मग अल्ट्रासाउंड, मग बायोप्सीची सुई.

रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा कन्सल्टंट डॉक्टरबाईंबरोबर आणखी एक नर्स बसली होती आणि टेबलावर टिशूचा बॉक्स होता. तेवढ्यावरून बायकोला कळलं. मला कळलं नाही. कन्सल्टंटने सगळं नीट सांगितल्यावर मी म्हणालो, "पण मी पुरुष आहे."

"हो," ती म्हणाली. "आणि तुम्हाला ब्रेस्ट कॅन्सर आहे."

ऑपरेशनमध्ये त्यांनी निपलसकट डावी बाजू काढली, काखेतल्या काही गाठीही काढल्या. काखेत कॅन्सर पसरायला नुकतीच सुरुवात झाली होती. पुढे रेडिएशन झालं, आणि मग बायकांना देतात तीच हार्मोनची गोळी सुरू झाली. त्या गोळीने भर जानेवारीत मला घाम फुटायचा. ऑफिसच्या मीटिंगमधून उठून मी कार पार्कमध्ये कोट उघडा टाकून उभा राहायचो. बायको म्हणाली, "मला पाळी जाताना असंच होत होतं तेव्हा तुम्ही म्हणायचात, खिडकी लाव, थंडी वाजतेय." त्या सगळ्या महिन्यांत आम्ही दोघं मनापासून हसलो ते बहुधा तेवढंच.

लोकांना काय सांगायचं हा प्रश्न होता. 'छातीचं ऑपरेशन' म्हटलं की सगळे ते हार्टचंच असं धरून चालायचे. इथल्या मराठी मंडळातल्या मित्रांनी ओट्सची पाकिटं आणून दिली, तूप बंद करायला सांगितलं. मी मान डोलवत राहिलो. नागपूरला माझी मोठी बहीण आहे. तिला फोनवर सांगताना 'स्तन' हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. मी म्हणालो, "ताई, छातीचा कॅन्सर झालाय."

"अरे देवा! तू सिगरेटी कधी ओढायला लागलास?"

शेवटी बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि तिला सरळ सांगितलं. ताई म्हणाली, "आपल्या आजीला तेच होतं. बाबांच्या आईला. पदराखाली कापूस ठेवायची. तू रांगत होतास. मी पाहिलंय."

मला आयुष्यात कुणी हे सांगितलं नव्हतं. आजी अंगावर काढलेल्या तापाने गेली, एवढंच घरात बोललं जायचं.

ही गोष्ट मी क्लिनिकमध्ये सांगितली. पुरुषाला हा कॅन्सर झाला की जनुकांची तपासणी सुचवतातच, त्यात आजीचं कळलं. रक्त दिलं. जनुकात दोष निघाला. तो वडिलांकडून आला असणार, म्हणजे ताईकडेही असू शकतो, आणि माझ्या मुलीकडेही. शक्यता निम्मी-निम्मी.

ऑपरेशनला मी घाबरलो नव्हतो इतका त्या दिवशी घाबरलो. मुलगी कार्डिफला फार्मसिस्ट आहे, तिशीची; इथेच वाढलेली, मराठी थोडी मोडकी. ती वीकेंडला घरी आली तेव्हा मी सुरुवात केली, "हे बघ, लगेच काही ठरवायची गरज नाही..."

"बाबा, मी टेस्ट करणार. माझा बॉडी आहे."

"आणि निघालं तर?"

"निघालं तर मला माहीत असेल. तुला माहीत नव्हता."

तिचा रिझल्ट आला, तिच्यातही दोष आहे. तिने मला फोनवर सांगितलं ते एकदम कामावरच्या आवाजात, पेशंटला सांगावं तसं. मी 'बरं' म्हणालो. फोन ठेवल्यावर गॅरेजमध्ये गेलो आणि रडलो. आईवडील मुलांना काय काय देतात, त्यात मी हे दिलं होतं. बायको मागोमाग आली. "तुम्ही दिलं नाही, तुमच्याकडून गेलं," ती म्हणाली. मला तो फरक आजही पूर्णपणे पटलेला नाही.

आता तिचा दरवर्षी एमआरआय होतो. पुढे ऑपरेशन करून धोका कमी करायचा का, हे ती आणि तिचे डॉक्टर मिळून ठरवतील. पहिल्या एमआरआयला आम्ही गाडीने कार्डिफला गेलो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, मशीन फार आवाज करतं आणि मला भूक लागलीय. स्कॅन स्वच्छ आला. पुढच्या वर्षी काय येईल, कुणी सांगावं?

ताईलाही तपासणी करून घ्यायला सांगितलं; तिने मात्र मनाचं दार लावून घेतलं. "माझ्या पोरीच्या लग्नाचं बोलणं चाललंय. असलं काही इथे कळलं तर? आणि मला पासष्टीत काय व्हायचंय आता?" मी समजावलं, डॉक्टरांनी सांगितलेलं वाचून दाखवलं, चिडलोसुद्धा. ती फोन उचलेनाशी झाली. दिवाळीला फराळाचे फोटो आले, फोन नाही.

तेव्हा माझ्या मुलीने आपणहून तिला फोन लावला. स्पीकर लावला होता, मी शेजारीच बसलो होतो.

"आत्या, मला आहे तो जीन. मला भीती वाटते. तुला पण चेक करायला पाहिजे."

मला वाटलं, ताई आता फोन ठेवणार. मग आवाज आला, "तू जेवलीस का?"

"नाही अजून."

"आधी जेव बाई." आणि ताई रडायला लागली.

त्यानंतर काही आठवड्यांनी ती मॅमोग्राम करून आली. 'फोटोत काही निघालं नाही,' असा मेसेज केला, पुढे हात जोडलेले. रक्ताच्या तपासणीचं मी विचारलं तर म्हणाली, "पोरीचं लग्न होऊ दे, मग बघू." भाचीला अजून काहीच माहीत नाही. मी सांगावं का, यावर आमच्या घरात दर रविवारी वाद होतो. मुलगी म्हणते, सांगायलाच हवं. बायको म्हणते, ते तिच्या आईचं काम. मला दोघींचंही पटतं.

यंदा मंडळात तब्येतीविषयी बोलायचा कार्यक्रम होता, हॉलमध्ये, चहाच्या आधी. बायकांचं सत्र म्हणून पुरुष बाहेर निघाले होते. मी माइक मागून घेतला आणि त्यांना थांबवलं. म्हणालो, "माझं हार्टचं ऑपरेशन झालेलं नाही. मला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. अंघोळ करताना छातीवरून एकदा हात फिरवत जा. गाठ असेल, निपल आत गेलं असेल, बनियनवर रक्ताचा डाग दिसला असेल, तर दुखायची वाट बघू नका. आणि आजीला, आत्याला काय झालं होतं ते घरी विचारा." मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

चहाच्या वेळी कुणी तो विषय काढला नाही. एक जण फक्त जवळ येऊन हळूच म्हणाला, "किती दिवस होती रे, गाठ?" मी त्याला तिथेच, समोसा हातात असताना, जीपीचा ऑनलाइन फॉर्म भरायला लावला. त्याची गाठ साधी निघाली. त्याने मला ते सांगितलं तेव्हा मी इतका खूश झालो की त्यालाच आश्चर्य वाटलं.