पोटाला टेकवलेला कागद

जन्माला यायच्या आधीच माणसांशी ओळख करून घेणारं जगातलं एकमेव माणूस म्हणजे माझी आत्या. शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर लोक देवधर्माला लागतात. ही चित्रकलेची बाई तेर गावातल्या आपल्या ओसरीवर दर गुरुवारी गरोदर बायकांना जमवून चित्रं काढायला बसवू लागली. गेरू, हळद, नीळ, हाताला लागेल तो रंग. पुठ्ठ्याला कागद लावायचा, पुठ्ठा पोटाला टेकवायचा आणि काय काढतोय ते आतल्याला सांगत काढायचं, हा तिचा नियम. बाळाच्या लाथेनं रेघ वाकडी उडाली, तर ती खोडायला बंदी. "ती रेघ तुझी न्हाय, त्यांची हाय," ती ठणकावायची. पोटातल्यांना ती अहो-जाहोच करी. "ओळख न्हाय पाळख न्हाय, एकदम अरे-तुरे कसं करावं?" जन्मल्यावर मात्र त्याच बाळाला पहिलं वाक्य, "काय रे नकट्या!" एका सासूबाईंनी टोमणा मारला, "बाई, रंग खेळून लेकरू गोरं हुतंय व्हय?" आत्या म्हणाली, "न्हाय. पण भाईर आल्यावर त्याला आई नवखी वाटत न्हाय. बसा, तुमीबी काढा." सासूबाई बसल्या, त्या दिवेलागणीपर्यंत उठेनात.

माझी बायको मीरा मात्र, पहिलं बाळ पोटातच गेल्यामुळं, या खेपेला पोटाला हातही लावत नव्हती. जीव लावला की जातं, असं तिनं मनाशी धरलं होतं. मीच तिला आत्याकडं नेऊ लागलो. कितीतरी गुरुवार ती कोरा कागद घेऊन बसली. एरवी अखंड बोलणारी आत्या तिला एका शब्दानं काही म्हणाली नाही. मग एकदा, नुसता चाळा म्हणून, मीरा पिंपळाचं पान काढू लागली आणि अर्ध्यातच रेघ उडाली. ती दचकली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं थांब की जरा! पान तरी पुरं करू दे."

आत्यानं धुतलेलेच कुंचले गोळा केले आणि पुन्हा धुवायला न्हाणीकडं गेली.

आमची लेक आता शाळेत जाते. आत्या या उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून मला त्या दिवशीचा परतीचा प्रवास आठवतो. धाराशिवच्या एसटीत मीरा माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. खिडकीकडं तोंड करून ती हलक्या आवाजात कुणाला तरी दाखवत होती, ही तूर बघ, ती मेंढरं बघ. कंडक्टर जवळ येऊन "कुठं जायचं, ताई?" म्हणाला, तेव्हा मी पैसे पुढं केले आणि ओठांवर बोट ठेवलं.