उंबऱ्यावरचं मशीन

जळगावातल्या बाकीच्या कॉम्प्युटर क्लासांत चपला बाहेर काढाव्या लागायच्या आणि फ्लॉपी मात्र खुशाल आत जायची. नानांकडे सगळं उलटं. चिखलाच्या चपला घालून या, कुणी हूं की चूं करणार नाही. पण खिशात फ्लॉपी असली तर उंबऱ्यावरच थांबायचं. तिथे स्टुलावर एक पिवळा पडलेला जुना कॉम्प्युटर होता. बाहेरून आलेली प्रत्येक फ्लॉपी आधी त्या म्हाताऱ्यावर चालवून बघायची, कुठली फाइल फुगली का, म्हणजे व्हायरस चिकटून तिचा आकार वाढला का, ते तपासायचं, आणि मगच आतल्या खोलीत न्यायची. त्यामुळे गावानं त्यांचं नाव पाडलं होतं सोवळे नाना.

नानांना या नावाचा राग नव्हता, पण ते एक गोष्ट बजावून सांगायचे. "माणसांचं सोवळं पाळणाऱ्याच्या घरचं मी पाणी पीत नाही. फ्लॉपीचं पाळतो, कारण ती बिचारी कुठं कुठं जाऊन आली ते तिला सांगता येत नाही." मग कितीही मोठा माणूस असो, त्याला उंबऱ्यावर थांबवायला ते कचरत नसत. आमच्या साहेबांनाही थांबवलं होतं.

आमचे साहेब म्हणजे पाटबंधारे खात्यातले. मी तिथे कारकून. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर आला, त्याला शिवायला कुणी तयार होईना, तेव्हा साहेबांनी मला नानांच्या क्लासात शिकायला धाडलं. पुढे कालव्याच्या पाण्याची पाळी, म्हणजे कुठल्या शेताला कुठल्या दिवशी किती वेळ पाणी, हे सगळं आमच्या मशीनवर तयार व्हायचं आणि नानांच्या मोठ्या प्रिंटरवर छापून निघायचं. सरकारी मशीन आणि खाजगी प्रिंटर यांच्यामध्ये फ्लॉपी घेऊन सायकलवर हिंडणारी मी! एरंडोलची पाटलीण मी, तोंडानं फटकळ. नानांशी माझं रोज वाजायचं आणि रोज मिटायचं.

नाना मूळचे तारखात्यातले. कडकट्टचं यंत्र गेलं तसे तेही लवकर निवृत्त झाले, पण तारमास्तराची सवय काही सुटली नाही. काहीही सांगितलं की म्हणायचे, "परत वाच." चहा सांगितला तरी पोऱ्याकडून परत वदवून घ्यायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "नाना, लग्नात मंगलाष्टकंही परत म्हणायला लावली होती का?" तर म्हणाले, "नाही लावली, म्हणूनच भटजी एक गाळून गेला." घरात मात्र बाई नव्हती. नानी लवकर गेल्या होत्या. एक मुलगी, सुनंदा, तिला नानांनीच वाढवलं आणि त्या उन्हाळ्यात तिचं लग्न करून दिलं. जावई मस्कतला, मोठ्या कंपनीत.

दिवाळसणाला जावई आले. नानांनी काय काय केलं नाही! खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, आहेर झाला, गल्लीभर मिरवून झालं. दुसऱ्या दिवशी जावईबापू क्लास बघायला आले आणि खिशातून एक फ्लॉपी काढून म्हणाले, "नाना, तुमच्यासाठी खास. तिकडे सगळे हा खेळ खेळतात." नाना उंबऱ्याजवळ उभे होते. त्यांचा हात त्या जुन्या मशीनकडे गेलेला मी बघितला, आणि मागे आलेलाही बघितला. पहिल्या दिवाळीला जावयाची भेट दारात अडवून तपासायची? आपल्याकडे जावयाच्या ताटातल्या पापडाला तडा असला तरी वर्षभर बोलणं होतं. नाना दोन्ही हातांनी फ्लॉपी घेऊन थेट आत गेले.

मार्चमध्ये आमच्या ऑफिसातलं मशीन अडखळायला लागलं. मी नानांकडे पळाले. त्यांनी आतलं एकेक मशीन उघडून बघितलं. सगळ्यांच्या फाइली फुगलेल्या. मग उंबऱ्यावरचं मशीन बघितलं, तर ते ठणठणीत. आतलं सगळं घर आजारी आणि दारातला म्हातारा निरोगी! नाना मटकन खुर्चीत बसले. मला काही विचारावं लागलं नाही. दोघांनाही ती एकच फ्लॉपी आठवली.

पुण्याच्या एका कंपनीत असल्या व्हायरसांवर औषध तयार करायचे. नानांनी तिथे फोन केला. तिकडचा मुलगा म्हणाला, "हा फार वाईट आहे. मशीन किती वेळा चालू केलं ते मोजतो आणि त्याचा आकडा भरला की सगळं पुसून टाकतो. बाहेरून उघडायला जाल तर काही वाचता येणार नाही, कारण आतलं सगळं त्यानं उलटसुलट केलंय. आता मशीन चालू करूच नका. आमच्याकडे औषध अजून नाही. तो जिथून आला तिथं विचारा, तिथं कुणीतरी केलं असेल." आणि सोमवारी तर कालव्याला उन्हाळी पाणी सुटणार होतं. त्या वर्षीची सगळी पाळी अजून न छापलेली, आमच्या त्या एका मशीनच्या पोटात. ती गेली तर पाणी कुणाचं, कधी, हे कोण ठरवणार? केळीला त्या दिवसांत पाणी चुकलं तर बाग आडवी होते, आणि पाण्यापायी कालव्यावर कुऱ्हाडी निघालेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

साहेब म्हणाले, "हे बाहेर बोलायचं नाही. आपल्या ऑफिसात असं काही झालेलं नाही." नाना म्हणाले, "साहेब, तुमच्यात झालंय ते माझ्याकडून आलंय. मी तर सांगणार." आणि खरंच, ते सायकल काढून निघाले. जिथे जिथे त्यांची फ्लॉपी गेली होती, त्या प्रत्येक दारात जाऊन हात जोडून सांगितलं, "चूक मनी शे, माझीच आहे. माझ्याकडून तुमच्याकडे रोग आलाय. मशीन बंद ठेवा." दुसऱ्या एका क्लासवाल्यानं गावभर केलं, "सोवळ्या नानाचंच सोवळं बाटलं!" दोन दिवसांत क्लासातली निम्मी पोरं गळाली. मला इतका संताप आला होता! नाना म्हणाले, "ताई, देवीच्या साथीत ज्यांनी घरातला रोगी लपवला, त्यांची आळीच्या आळी गेली. हसू दे लोकांना."

एवढा धीराचा माणूस, पण मस्कतला फोन लावायचा म्हटल्यावर नंबरचा कागदच पुन्हा पुन्हा वाचत बसला. गावाला सांगणं सोपं होतं. जावयाला सांगायचं, की तुमची भेट नासकी निघाली? लग्नाला वर्ष व्हायचं होतं. पोर परमुलखात, एकटी. नाना एसटीडी बूथच्या बाहेर बराच वेळ उभे राहिले. शेवटी मीच म्हटलं, "नाना, सोमवार." मग ते आत गेले.

काचेतून मला ऐकू येत होतं. "जावईबापू, राग मानू नका..." पुढे मात्र तिकडचंच बोलणं चाललं. बाहेर आले तेव्हा चेहरा राखेसारखा झालेला. "म्हणाले, माझ्या फ्लॉपीत काही नव्हतं, तुमच्या जळगावच्या धुळीत झालं असेल. ऑफिसात विचारलं तर माझीच नोकरी जाईल. आणि फोन ठेवून दिला." मग हळूच म्हणाले, "सुनंदा शेजारीच उभी होती. तिचा आवाज आला मागून." पुढचे दोन दिवस ते जेवले की नाही, देव जाणे.

शनिवारी दुपारी क्लासातला फोन वाजला. सुनंदा! नवऱ्याच्या ऑफिसातून बोलत होती. नवरा नको नको म्हणत असताना ती सरळ तिथे गेली होती आणि कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या फिलिपिनो बाईला सगळं सांगून मोकळी झाली होती. त्या बाईनं कपाळाला हात लावला, कारण हाच व्हायरस त्यांच्याकडेही महिनाभर हिंडत होता आणि कुणी कबूल करत नव्हतं. औषध तिनं परदेशातल्या ओळखीच्या लोकांकडून मिळवलं होतं. पण सोमवारपर्यंत फ्लॉपी कशी पोचणार? ती बाईच फोनवर आली आणि इंग्रजीत म्हणाली, सांगते, लिहून घ्या.

औषध म्हणजे मशीनच्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम, नुसते आकडे आणि ए ते एफपर्यंतची अक्षरं, ओळीमागून ओळी. एक अक्षर चुकलं तर औषधाचं विष होणार. फोनवर बी की डी, कळेना. तेव्हा नानांमधला तारमास्तर जागा झाला. त्यांनी बाईला सांगितलं, "ए अमळनेर. बी बोदवड. सी चाळीसगाव. डी धुळे. ई एरंडोल. एफ फैजपूर." आणि काय सांगू, ती बाई शिकली की हो! "सेवन अमालनेर, धूले थ्री, फैजपूर फैजपूर..." तिकडून ती म्हणायची, इकडून नाना मोठ्यानं परत वाचायचे, ती हो म्हणायची, मग मी उंबऱ्यावरच्या निरोगी मशीनवर टाइप करायचे. तिच्या तोंडून एरंडोल ऐकून मला हसूही येत होतं आणि बोटांना घामही फुटला होता. मध्येच लाइन तुटली. नाना फोनकडे टक लावून बसले. पुन्हा घंटी वाजली तशी त्यांनी शेवटची ओळ म्हणून दाखवली आणि काम पुढे सुरू झालं.

सोमवारी सकाळी आमचं मशीन चालू केलं तेव्हा साहेब देवापुढे असल्यासारखे डोळे मिटून उभे होते. औषध चाललं. पाळी शाबूत निघाली, छापली, आणि कालव्याला पाणी सुटलं. नानांनी ते औषध सगळ्या ऑफिसांत वाटलं. ज्यानं गावभर हसं केलं होतं, तो क्लासवालाही तोंड लपवत चार फ्लॉप्या घेऊन आला. त्याच्याकडेही तोच रोग होता! मी म्हटलं, "नाना, याला उन्हात उभा करा." नानांनी त्याला चहा सांगितला, आणि पोऱ्याकडून परत वदवून घेतला.

पण मस्कतला जावयाला ऑफिसात सगळ्यांसमोर बोलणी बसली. त्याचा राग त्यानं सासुरवाडीवर काढला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. सुनंदाचा झोका नाना दरवर्षी स्वतः बांधायचे. त्या वर्षी ती आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. दोर क्लासातल्या कोपऱ्यात गुंडाळून पडलेला होता आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. मी एकदा न राहवून म्हटलं, "तेव्हा फ्लॉपी दारात तपासली असती तर जावई एक दिवाळी रुसले असते, नाना." ते म्हणाले, "हो." एवढंच.

आज नाना नाहीत. पण मला आठवते ती तिसरी आखाजी. मी क्लासात होते. दारात रिक्षा थांबली. सुनंदा उतरली, कडेवर लेकरू, आणि मागून जावई. नाना उठून उभे राहिले. जावयानं खिशातून एक फ्लॉपी काढली. "नाना, बाळाचे फोटो आहेत," असं म्हणून तो आत यायला निघाला आणि उंबऱ्यावर आपणहून थांबला. स्टुलावरच्या मशीनकडे वळून मला म्हणाला, "ताई, आधी इथं लावा."

नानांनी कोपऱ्यातला दोर खांद्यावर टाकला आणि निंबाकडे चालू लागले.