आईच्या अंगातली उष्णता

आमच्याकडं तोंड आलं की उष्णता, डोळे जळजळले की उष्णता. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपले आणि आईच्या मानेपासून कानापर्यंत दिवसातून आठ-दहा वेळा गरम वाफ चढू लागली, घामानं पोलकं भिजू लागलं. तेव्हाही आम्ही सब्जा भिजवला, गुलकंद आणला. आई कडक भाकऱ्या करणाऱ्या बायकांच्या गटात कामाला जाते. त्या बायकांनी सांगितलं, रोजची गोळी गरम पडतीया, बंद कर. आईनं केली.

मला हे कळलं तपासणीच्या दिवशी सकाळी. पिशवी भरताना गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली. आजार परत येऊ नये म्हणून ती गोळी अजून काही वर्षं घ्यायची होती. मी घाबरलो. डॉक्टरांना सगळं सांग, म्हटलं. सांगते की, म्हणाली.

डॉक्टर बाईंनी काही त्रास आहे का विचारलं, तर आई म्हणाली, न्हाय, बरं हाय. आणि पदर सारखा केला.

तिची पाळी केमोपासून बंद होती. घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, म्हणून कागद वाचायचं काम माझ्याकडं. पाळीचं ते दवाखान्याच्या कागदावर वाचून मी घाईनं पान उलटलं होतं. हा शब्द आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. पण डॉक्टर पुढचं नाव पुकारणार, एवढ्यात मी बोललो.

"मॅडम, आईची पाळी गेलीय. अंगातून वाफा येतात. म्हणून तिनं गोळी सोडलीय."

डॉक्टर रागावल्या नाहीत. उपचारांनी पाळी वेळेआधी जाते, मग अंग असं तापतं, पुष्कळ जणींना होतं, म्हणाल्या. गोळी मात्र सोडायची नाही, वाफांसाठी वेगळं औषध देते. आई खुर्चीत पुढं सरकली. झोप लागत नाही, चिडचिड होते, सांधे धरतात, हेही त्यातलंच का? प्रत्येक 'हो'ला ती माझ्याकडं वळून बघायची, पेपर सोपा गेल्यासारखी. बाहेर आल्या आल्या तिनं गोळी घेतली. सात रस्ता चौकापर्यंत आम्ही चालत आलो. मला तर पळावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तिला कामावर सोडायला गेलो. तव्यापुढं बसायच्या आधीच तिनं सगळ्यांना सांगून टाकलं. एका मावशींनी डोळे मोठे केले. "आन हे पोरासमोर बोललीस?"

"म्या कुटं? त्योच बोलला."

सगळ्या माझ्याकडं बघू लागल्या. मी चपला शोधत दाराकडं सरकलो, तर त्याच मावशी पिठाच्या हातानं मागं आल्या. "मला काय आजार न्हाय, पण वाफा मलाबी येत्यात. डाक्टरकडं तूच चल की माझ्यासंगं. मला बोलाया जमायचं न्हाय."