कप हातात असेपर्यंत

सिनेमा बघायला तीन तास लागतात आणि त्यावर बोलायला आमच्या मंडळींना अख्खा रविवार पुरत नाही. बरं, महिन्याभराने सिनेमा विसरायला होतो, कोण काय बोललं तेवढं मात्र डोक्यात राहतं. असलं माझ्याकडे इतकं साठलंय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. आज तुम्ही सापडलात, आता ऐका!

आम्ही सगळे दिल्लीतल्या मयूर विहारचे. दर रविवारी संध्याकाळी पाचला शैलाताईंच्या घरी चहा असतो. शैलाताई आणि त्यांचे मिस्टर जयंतराव, शाळेतून रिटायर झालेल्या मिरजेच्या नसीमताई, नोएडात आयटीत असलेली पुण्याची रेवा, माझा नवरा सुधीर आणि मी. आठवड्यात जो काय पिक्चर पाहिला असेल त्यावर प्रत्येकाने आपलं मत द्यायचं. नियम एकच. चहाचा कप हातात असेपर्यंत बोलायचं. कप खाली ठेवला की पाळी गेली. आणि ज्याच्या हातात कप नाही, त्याने तोंड उघडायचं नाही.

नियम जयंतरावांनी केला आणि त्याचा फायदाही तेच उचलतात. माणूस रिकामा कप धरून चाळीस मिनिटं बोलू शकतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. शेवटी शैलाताई येतात आणि सरळ हातातून ओढून घेतात. "अहो, द्या इकडे, धुवायचाय!"

*

जयंतराव सरकारी खात्यात इंजिनियर होते. जन्मभर पूल आणि इमारती बांधल्या, त्यामुळे सिनेमात त्यांना माणसं दिसतच नाहीत, बांधकाम दिसतं.

मागे आम्ही एका रडक्या पिक्चरला गेलो होतो. शेवटी हिरॉईनच्या अंगावर भिंत पडते. सगळ्या हॉलमध्ये हुंदके, नसीमताईंचा रुमाल ओलाचिंब, माझंही नाक लाल. तेवढ्यात कानाशी जयंतरावांचा आवाज. "साडेचार इंची पार्टिशन आहे. आधी तडा जातो, मग पडते. तडा दाखवलाच नाही!"

मी रडता रडता फिस्सकन हसले. पुढच्या रांगेतल्या बाई वळून म्हणाल्या, "शरम नहीं आती?" आता त्यांना तडा कसा समजावून सांगणार?

सांगायचा मुद्दा असा की जयंतरावांना खोटं कौतुक जमत नाही. आवडलं नाही तर तोंडावर सांगतात. आणि नेमका त्यांचाच मुलगा सिनेमात गेला!

अनिकेत त्याचं नाव. दीड वर्षापूर्वी नोएडातली छान नोकरी सोडून मुंबईला गेला. अ‍ॅक्टर-बिक्टर नाही हो, तो पिक्चरमधल्या आवाजांचं काम करतो. पावलं, दारं, पाऊस, गर्दी. जयंतराव तेव्हा म्हणाले, "इंजिनियर होऊन दारं वाजवणार?" झालं! त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. जे काय असेल ते शैलाताईंमार्फत. "आई, बाबांना सांग." "शैला, त्याला सांग." मला शैलाताईंचं फार वाईट वाटायचं. चहाच्या वेळी अनिकेतचा विषय कोणी काढत नसे.

*

आमच्या सुधीरचं मत तुम्ही पिक्चर न बघताही सांगू शकता. "एकदा बघायला हरकत नाही."

मारामारीचा असो, भुताचा असो, लहान मुलांचा असो, मत हेच. कप उचलला, एक घोट घेतला, वाक्य टाकलं, कप खाली. एकदा नसीमताई वैतागल्या. "अहो सुधीर, आयुष्यात एखाद्या गोष्टीबद्दल तरी जास्त काही वाटलंय का तुम्हाला?"

मी म्हटलं, "नसीमताई, लग्नाआधी मला बघून गेला तेव्हा घरी जाऊन हेच बोलला असणार!"

सुधीरने जरा विचार केला. म्हणाला, "आई म्हणाली होती तसं. मी गप्प होतो."

*

नसीमताईंचं वेगळं. सिनेमा म्हणजे त्यांना परीक्षेचा पेपर. एरवी एकट्या जातात, बुधवारी दुपारी, आणि रविवारी अगदी मुद्देसूद बोलतात.

एका रविवारी त्या म्हणाल्या, "पूर्वार्धात डोंगरातलं घर, एक म्हातारा न्यायाधीश, शांतता. आणि उत्तरार्धात दिग्दर्शकाने सगळं उलटंपालटं केलंय. न्यायाधीश नाहीच! दोन भाऊ, गोदाम, बंदुका. न्याय गेला की मागे काय उरतं? बंदूक! केवढं धाडस आहे या मुलाचं!"

आम्ही सगळे भारावून गेलो. मी तर मनात म्हटलं, आपल्याला मेलं काही कळतच नाही सिनेमातलं.

रेवाला राहवलं नाही. तिने पटकन माझा कप उचलला, म्हणजे बोलायचा हक्क आला. "नसीमताई, इंटरव्हलला बाहेर गेला होतात?"

"हो. कॉफी आणायला."

"परत येताना कितव्या स्क्रीनमध्ये शिरलात?"

नसीमताईंनी डोळे बारीक केले. मग कप शांतपणे खाली ठेवला. "तरी म्हटलं, माझ्या शेजारची मुलगी इंटरव्हलनंतर एकदम सरदारजी कशी झाली!"

मत मात्र त्यांनी बदललं नाही. दोन्ही मिळून पिक्चर चांगलाच होता म्हणतात.

*

रेवा सहसा थिएटरात जातच नाही. मेट्रोत, मोबाइलवर, ऑफिसला जाता-येता तुकड्यातुकड्याने बघते. तिचं मत ऐकायचं तर आधी ब्लू लाइनची स्टेशनं पाठ हवीत. "न्यू अशोक नगरला ते भेटले, सेक्टर सोळाला प्रेमात पडले आणि बॉटॅनिकल गार्डनला त्याने धोका दिला."

बॉटॅनिकल गार्डनला ती खरंच रडायला लागली. कानात ते इअरफोन, केसांखाली दिसले नसतील. समोर बसलेल्या आंटींनी तिला आपली जागा दिली, पाणी दिलं, डोक्यावरून हात फिरवला. "बेटा, लड़का है?"

रेवाने हुंदका देत मान हलवली.

"छोड़ दे! ऐसे लड़के को आज ही छोड़ दे!"

"जी आंटी."

दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात त्याच आंटी. गाडीत शिरल्या शिरल्या लांबूनच विचारलं, "छोड़ा कि नहीं?"

रेवा बिचारी स्क्रीनवरून नजर न काढता बोलून गेली, "आंटी, आज तो उसकी शादी है!"

आंटींनी पूर्ण डब्याला गोष्ट सांगितली. सेक्टर बासष्टपर्यंत चार बायका रेवाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. आता ती पुढच्या डब्यात बसते.

*

दिल्लीत मराठी पिक्चर लागतो तो एकच शो, रविवारी सकाळी दहाचा. हॉलमध्ये सगळे ओळखीचे. इंटरव्हलमध्ये कोणाची मुलगी कुठे दिली इथपर्यंत चौकशा होतात.

अशाच एका खुनाच्या पिक्चरला शैलाताईंनी शेजारच्या मल्होत्राजींनाही आणलं. खाली इंग्रजी अक्षरं येतील म्हणाल्या होत्या, ती काही आली नाहीत. मग शैलाताई त्यांच्या कानात हिंदीत सांगायला लागल्या. पाचेक मिनिटांनी मागच्या रांगेतून आवाज आला, "आंटी, थोड़ा ज़ोर से!"

बघते तर मागे आपलीच मराठी घरातली सहा पोरं! दिल्लीत वाढलेली, अर्धे शब्द डोक्यावरून जाणारी. शैलाताईंनी आवाज चढवला. हळूहळू त्या बाजूचा अर्धा हॉल त्यांचंच ऐकायला लागला.

शेवटाकडे नायिका हिरमुसते. शैलाताई म्हणाल्या, "वो नाराज हो गई."

तीन खुर्च्या पलीकडून नसीमताई, "शैला, नाराज नव्हे! हिरमुसणं वेगळं!"

"मग काय म्हणू? उदास?"

"छे! मायूस म्हण."

"मायूस जरा जास्त होतं, नाही का?" हे मी.

यात दोन मिनिटं गेली. दिवे लागले. मल्होत्राजी फार अदबीने म्हणाले, "भाभीजी, बाकी सब समझ गया. खूनी कौन निकला?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आजतागायत कोणालाच माहीत नाही.

*

गेल्या महिन्यात अनिकेतचा पहिला पिक्चर लागला. नोएडाच्या एका मॉलमध्ये दुपारचा एक शो. शैलाताईंनी सहा तिकिटं काढली. जयंतराव आठवडाभर "मी येणार नाही" म्हणत होते आणि शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी लिफ्टपाशी उभे!

मेट्रोत शैलाताईंनी माझा हात धरला. "मंजिरी, उद्या चहाला हे काहीतरी टोचून बोलणार आणि मी ते त्याला सांगणार नाही म्हटलं तरी त्याला कळणार. मग तो घरी यायचाच बंद होईल गं. गेल्या दिवाळीला दोन दिवस आला, तेही दोघं पाठ फिरवून बसले होते."

पिक्चर सुरू झाला. एक म्हातारी बाई, एकटं घर, नवरा कुठेतरी गेलेला. दहाव्या मिनिटाला मी सहज बाजूला पाहिलं तर जयंतरावांचे डोळे मिटलेले! शैलाताईंनी कोपराने ढोसलं. ते नुसतं "हं" म्हणाले, डोळे काही उघडले नाहीत. इंटरव्हलनंतर पुन्हा तेच. पडद्याकडे शैलाताईंचं लक्षच नव्हतं. त्या नवऱ्याकडे बघत होत्या आणि पदराने डोळे टिपत होत्या.

परतताना एवढंच म्हणाल्या, "पोटच्या पोराच्या पिक्चरला झोपले." त्याच रागात रात्री त्यांनी ते अनिकेतलाही सांगून टाकलं.

रविवारी पाचला आम्ही जमलो. शैलाताईंनी पाच कप आणले. जयंतरावांना चहाच दिला नाही! कप नाही तर पाळी नाही. आम्ही समजलो आणि घाईघाईने कौतुक सुरू केलं. सुधीर म्हणाला, "एकदा बघायला..." मी असा चिमटा काढला की म्हणाला, "दोनदा! दोनदा बघायला हरकत नाही!"

तेवढ्यात शैलाताईंचा फोन वाजला. अनिकेत. हातात किटली होती म्हणून त्यांनी स्पीकरवर टाकला.

"आई, सगळे बसलेत ना? मग एवढंच सांगायचं होतं, बाबांना काही बोलू नकोस. झोप लागली तर लागली. मी रागावलो नाहीये."

जयंतराव उठले, स्वयंपाकघरात गेले, स्वतः चहा ओतून घेतला आणि कप घेऊन फोनजवळ येऊन बसले.

"अनिकेत."

त्यांनी कप दोन्ही हातांत धरला.

"ती बाई नवऱ्याची वाट बघत बसते, तेव्हा आत कुकर होतो. तो आपल्या घरचा आहे."

"हो." पोरगा म्हणाला. "दिवाळीत रेकॉर्ड केला होता. तुम्हाला कसं कळलं?"

"शिट्टीच्या आधी फुसफुसतो. रिंग सैल झालीये. बदला म्हणून तुझी आई वर्षभर मागे लागलीये माझ्या."

शैलाताई किटली घेऊन तशाच उभ्या होत्या.

"पण एक चूक आहे," जयंतराव म्हणाले. "तुझी आई तीन शिट्ट्यांना गॅस बंद करते. कायम. तू चार घेतल्यास."

"त्या दिवशी चारच झाल्या, बाबा. आई गॅस सोडून दाराशी येऊन उभी होती. आपण दोघं बोलतोय का ते बघायला."

जयंतरावांनी किटली घेऊन उभ्या असलेल्या शैलाताईंकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग चारच बरोबर आहेत."